क्लोन मसल कारची किंमत कशी लावायची, आणि विकताना काय लपवायचं नाही

मी डेट्रॉइटजवळ राहतो. इथे दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रांग लागते, १९९५ पासून चालू आहे हे, लोक घडीच्या खुर्च्या टाकून दिवसभर फुटपाथवर बसतात आणि आमची मराठी मंडळीही डबे घेऊन तिथे असतात. एखादी काळे पट्टे मारलेली लाल गाडी घुमत गेली की शेजारचा कुणीतरी हमखास विचारतो, खरी आहे का क्लोन? नव्या माणसाला वाटतं क्लोन म्हणजे फायबरची खोटी गाडी, किंवा सरळ फसवणूक. दोन्ही नाही. गेल्या वर्षी आमच्या शेजाऱ्यांची अशी एक गाडी विकायला मी मदत केली, त्यात जे शिकलो ते इथे सविस्तर लिहितोय कारण याबद्दल मराठीत काहीच सापडत नाही आणि आपल्यातले बरेच जण आता अशा गाड्या घ्यायला लागलेत.

मसल कार म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातली, जबरदस्त ताकदीच्या इंजिनची अमेरिकन गाडी. आधी तिची क्लोन म्हणजे काय ते बघू. शेजाऱ्यांचीच गाडी घेऊ, १९७० ची शेव्हेल. त्या वर्षी शेव्हरोलेने शेव्हेलची मालिबू नावाची साधी, घरगुती वापराची दोन दारांची गाडी विकली, आणि तीच गाडी एसएस नावाचं पॅकेज घालूनही विकली. एसएस ३९६ घ्या किंवा एसएस ४५४, हे आकडे इंजिनच्या आकाराचे. ४५४ मध्ये परत दोन प्रकार, एलएस५ म्हणजे ३६० हॉर्सपॉवर आणि एलएस६ म्हणजे ४५० हॉर्सपॉवर. एलएस६ शेव्हेलमध्ये फक्त त्या एकाच वर्षी आली, एकूण किती बनल्या याचा ४,४७५ हा आकडा सगळीकडे दिला जातो. आज कागदपत्रांसकट खरी एलएस६ सहज लाख डॉलरच्या वर जाते. आता कुणी साधी मालिबू घेतली, तिच्यात मोठं इंजिन बसवलं, फुगीर बॉनेट लावलं, काळी जाळी, एसएसचे बिल्ले, गोल मीटरचा डॅशबोर्ड, मागे जाड बारा बोल्टचा ॲक्सल घातला, तर तयार झाली ती क्लोन. गाडी खरी, कारखाना खरा, वर्ष खरं. फक्त जे पॅकेज तिच्यावर दिसतंय ते कारखान्यातून आलेलं नाही, नंतर कुणीतरी घातलंय. काही जण याला ट्रिब्यूट म्हणतात, काही रिक्रिएशन म्हणतात, अर्थ तोच, ऐकायला जरा बरं वाटतं इतकंच.

आपल्याकडे सेमी पैठणी असते ना, तसं समजा. येवल्याच्या दुकानात बाई स्वच्छ सांगते ही सेमी आहे, हातमागाची नाही, आपण हौसेने घेतो, लग्नात मिरवतो, कुणाची काही तक्रार नसते. तीच साडी हातमागाची म्हणून पन्नास हजाराला विकली की मात्र ती चोरी झाली. साडी तीच असते, बदललेलं असतं फक्त सांगणं. क्लोन गाडीचा अख्खा व्यवहार याच एका गोष्टीभोवती फिरतो.

आता प्रश्न येतो की खरी कुठली आणि क्लोन कुठली हे ओळखायचं कसं, आणि इथे गोम अशी की प्रत्येक कंपनीचं उत्तर वेगळं आहे. प्रत्येक गाडीला कारखान्यात मिळणारा ओळख नंबर म्हणजे व्हिन. सतरा अक्षर-आकड्यांचा व्हिन १९८१ पासून आला, त्याच्या आधी ज्याची त्याची पद्धत. शेव्हेलचं बघा, १९६६ ते ६८ मध्ये एसएस ३९६ ला स्वतःचा नंबर होता, व्हिन १३८ ने सुरू व्हायचा, म्हणजे नुसता नंबर वाचला तरी कळतं. १९६९ पासून एसएस हे नुसतं ऑप्शन झालं आणि व्हिनमधून गायबच झालं. १९७० च्या व्हिनमध्ये १३६ म्हणजे व्ही८ मालिबू, ३७ म्हणजे दोन दारांची स्पोर्ट कूप, मग ० म्हणजे वर्ष, मग कारखान्याचं अक्षर, बी असेल तर बाल्टिमोर, के असेल तर कॅन्सस सिटी, आणि पुढे अनुक्रमांक. बस. एखाद्या आजीबाईंनी चर्चला जायला घेतलेली छोट्या इंजिनची मालिबू आणि ४५० हॉर्सपॉवरची एलएस६, दोघींचा व्हिन अगदी सारखाच सुरू होतो. म्हणूनच १९७० च्या शेव्हेलच्या इतक्या क्लोन बनल्या, आणि म्हणूनच त्यात बरेच लोक फसले.

मोपारवाल्यांचं, म्हणजे प्लिमथ आणि डॉजचं, उलट आहे. त्यांच्या व्हिनमध्ये पाचवं अक्षर इंजिनचं असतं. १९७० ची प्लिमथ कुडा बीएस२३आर०बी ने सुरू झाली तर तो आर म्हणजे ४२६ हेमी हे मोठं, दुर्मिळ इंजिन आणि शेवटचा बी म्हणजे आमच्या इथलाच हॅमट्रॅमिकचा कारखाना. पाचव्या जागी जी असेल तर गाडी ३१८ हे साधं इंजिन घेऊन जन्मली, मग आज बॉनेटखाली हेमी असो की आणखी काही. फोर्डमध्येही पाचवं अक्षर इंजिनचं, आणि वर केव्हिन मार्टी यांच्याकडे १९६७ पासूनच्या गाड्यांच्या कारखान्यातल्या नोंदी आहेत, त्यांचा रिपोर्ट मागवला की गाडी कशी बनली होती ते रंगापासून सगळं कळतं. पॉन्टिॲकसाठी अशाच नोंदी देणारी पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस आहे. १९६४ आणि ६५ ची जीटीओ, म्हणजे पॉन्टिॲकची मसल कार, हे त्यांच्याच लेमान्स या गाडीवरचं ऑप्शन होतं त्यामुळे तिथे हा कागद लागतोच, १९६६ ते ७१ मध्ये व्हिन २४२ ने सुरू होतो पण जीटीओचं जज नावाचं पॅकेज मात्र त्यातूनही दिसत नाही. शेव्हरोलेची अमेरिकेतली अशी नोंदच नाही, कॅनडात विकलेल्या गाड्यांची आहे. मग शेव्हेलवाल्याने दाखवायचं काय? बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं ते लिहिलेला कारखान्यातला कागद, जो कधी सीटच्या स्प्रिंगमध्ये तर कधी पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला सापडतो. प्रोटेक्ट-ओ-प्लेट, म्हणजे वॉरंटीच्या पुस्तिकेतली धातूची छोटी पट्टी, तिच्यावर इंजिनचा कोड ठोकलेला असतो. डीलरचं जुनं बिल. आणि मूळ इंजिन. हे सगळं आज नव्याने छापून, ठोकूनही मिळतं, हेही लक्षात ठेवा.

इंजिनबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण मोठ्या किमतीचा खेळ तिथेच होतो. १९६८ पासून इंजिनच्या ब्लॉकवर गाडीच्या व्हिनचा शेवटचा भाग ठोकलेला असतो, तो जुळला की नंबर्स मॅचिंग म्हणतात. शेव्हरोलेच्या मोठ्या इंजिनवर ही जागा पुढच्या बाजूला, पॅसेंजरकडच्या हेडच्या अगदी पुढे असते, सपाट पट्टी. टॉर्च आडवी धरून बघितली तर मूळ पट्टीवर केसासारख्या बारीक समांतर रेषा दिसतात, कारखान्यातल्या मशीनच्या. कुणी जुना नंबर घासून नवा ठोकला असेल तर त्या रेषा गेलेल्या असतात, पट्टी गुळगुळीत तरी असते नाहीतर सँडपेपरचे वेडेवाकडे ओरखडे तरी असतात. रेषा नाहीत म्हणजे लबाडीच असं नाही, ब्लॉक दुरुस्तीत मशीनवर चढवला तरी त्या जातात, पण मग विचारायचंच. शेजाऱ्यांच्या गाडीत आम्ही ही पट्टी रॉकेलच्या बोळ्याने पुसून बघितली, त्यांना स्वतःलाच कधी बघायची गरज पडली नव्हती. ४५४ च होतं पण एका पिकअप ट्रकमधून काढलेलं, ब्लॉकवर ओतलेली तारीखच १९७० च्या कितीतरी नंतरची. ते जरा हिरमुसले. मला उलट बरं वाटलं, कारण हे इंजिन गाडीत आहे तोवर ही गाडी एलएस६ म्हणून कुणाला खपवता येणार नाही.

आता किंमत.

शेजारी सत्तरी पार केलेले, जन्म गाड्यांच्या कारखान्यात गेलेला. अकरा हिवाळे गॅरेजमध्ये घालून त्यांनी ही गाडी बांधली होती आणि आता मुलीकडे फ्लोरिडाला जायचं म्हणून विकायची होती. बुटांच्या एका खोक्यात त्यांनी सगळी बिलं जपून ठेवलेली, बेरीज केली तर ७१,००० डॉलर झाले, स्वतःची मेहनत धरलीच नव्हती. त्यांचा हिशोब असा की खरी एलएस६ सव्वा लाखाला जाते, आपली क्लोन आहे म्हणून वीस-पंचवीस टक्के सोडू, म्हणजे लाखाच्या आसपास मागू. ही चूक जवळपास प्रत्येक जण करतो. खऱ्या गाडीच्या किमतीतून काहीतरी वजा करून क्लोनची किंमत निघत नाही, कारण खऱ्या गाडीचे ते जास्तीचे पैसे लोखंडाचे नसतातच, ते त्या कागदाचे असतात, या दुर्मिळ गाड्यांमधली ही एक आहे या खात्रीचे असतात. क्लोनकडे ती खात्री शून्य टक्के आहे, ऐंशी टक्के नाही. सिएटलच्या लिलावात २०१४ मध्ये १९७१ ची एक हेमी कुडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरला गेली, तशाच रंगाची, तितकीच सुंदर, खऱ्या हेमी इंजिनाची क्लोन आज कुणी बनवली तरी ती त्या किमतीच्या जवळपासही फिरकणार नाही, नजरेला फरक दिसो न दिसो.

म्हणून किंमत खालून वर चढवायची. पहिला प्रश्न, आज अशीच साधी मालिबू, याच अवस्थेत, याच रंगकामाची, कितीला जाते? हा पाया. मग त्यावर या बांधणीमुळे गाडी किती चांगली झाली त्याचे पैसे, आणि ते बिलाच्या रकमेएवढे कधीच नसतात. रंगकामाला तुम्ही पंधरा हजार घातले असतील, घेणारा म्हणतो छान रंग आहे आणि सहा-सात हजार धरतो. घराच्या इंटिरियरसारखंच आहे, आपल्या हौसेचे सगळे पैसे पुढचा माणूस देत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, वायरिंग ही कामं नीट झालेली असतील आणि बिलं असतील तर मात्र त्याचा भाव येतो कारण घेणाऱ्याचा पुढचा खर्च वाचतो.

आणि एक उलटी गंमत बघा. खऱ्या गाडीत जे केलं तर किंमत पडते तेच क्लोनमध्ये केलं तर वाढू शकते. पुढे डिस्क ब्रेक, पाच गिअरची ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्स, नवीन पद्धतीचा एसी, मोठा रेडिएटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन. खऱ्या एलएस६ चा मालक गाडी ट्रेलरवर घालून नेतो, पावसाचा एक थेंब दिसला की परत आत ढकलतो. क्लोन घेणारा माणूस गाडी चालवायला घेत असतो, मुलांना मागे बसवून आईस्क्रीम खायला न्यायला, त्याला गाडी ट्रॅफिकमध्ये तापत नाही ना हे कळायला हवं असतं. याउलट, बरोबर तारखेचा कार्ब्युरेटर, बरोबर तारखेचा अल्टरनेटर शोधण्यात जे लोक हजारो डॉलर घालतात ते क्लोनमध्ये वसूल होत नाहीत, आणि जाणकार माणसाला उलट शंका येते की इतकी नक्कल कशासाठी केली, पुढे काय म्हणून विकायची होती.

मधल्या पायऱ्याही आहेत, त्या गोंधळायच्या नाहीत. कागदांनी सिद्ध झालेली खरी एसएस, पण मूळ इंजिन कधीच उडालंय आणि दुसरं बसवलंय, ती क्लोन नाही, तिची किंमत मॅचिंग गाडीपेक्षा कमी पण क्लोनपेक्षा बरीच वर. खरी एसएस ३९६ घेऊन तिला एलएस६ केली, तर एसएस ३९६ म्हणून तिला पूर्ण मान, एलएस६ म्हणून काही नाही. सगळ्यात खाली, आणि खरंतर यादीच्या बाहेर, ती गाडी जिच्यावर दुसऱ्या कुठल्यातरी गंजून गेलेल्या खऱ्या गाडीची व्हिनची पट्टी काढून लावलीय. ती क्लोन नव्हे, तो गुन्हा आहे, व्हिन काढणं किंवा बदलणं हा अमेरिकेत केंद्रीय कायद्याने पाच वर्षांपर्यंत तुरुंगाचा मामला आहे. पट्टीचे रिव्हेट बघावेत, त्या काळचे फुलाच्या पाकळ्यांसारखे असतात, साधे गोल पॉप रिव्हेट दिसले की तिथूनच परत फिरा.

भाव बघताना मागितलेला भाव बघू नका, विकला गेलेला बघा. जाहिरातीत कुणीही काहीही मागतं आणि ती गाडी दोन-दोन वर्षं तिथेच पडून असते. मोठ्या लिलाव कंपन्यांचे आणि ऑनलाइन लिलावांचे झालेले सौदे बघायला मिळतात, त्यात क्लोन, ट्रिब्यूट हे शब्द टाकून शोधायचं. हॅगर्टी या जुन्या गाड्यांच्या विमा कंपनीच्या किंमतपत्रिकेत अवस्थेप्रमाणे एक ते चार नंबर असतात, एक म्हणजे स्पर्धेत ठेवायची आणि चार म्हणजे चालते पण थकलेली. आपली गाडी आपल्याला कायम दोन वाटते, बाहेरच्याला तीन दिसते, तेव्हा तीनच धरा. आम्ही दोन रविवार बसून अशा झालेल्या चौदा सौद्यांची यादी काढली, गंजाची जागा, गिअरबॉक्स, एसी आहे का असं सगळं लिहून, आणि शेवटी आकडा ४४ ते ५० हजारांमध्ये येऊन थांबला. शेजारी बराच वेळ काही बोलले नाहीत. खोक्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, ठीक आहे, अकरा वर्षं मजेत गेली त्याचे पैसे मी कुणाकडून घेऊ.

विकताना काय लिहायचं, यावर माझं मत पक्कं आहे. क्लोन हा शब्द जाहिरातीच्या मथळ्यातच हवा, खाली सातव्या परिच्छेदात नाही. आम्ही लिहिलं, "१९७० शेव्हेल मालिबू, एसएस ४५४ क्लोन", आणि पहिल्याच वाक्यात, कारखान्यातून ही ३५० इंजिनची मालिबू म्हणून निघाली, आताचं ४५४ ट्रकमधलं आहे, एसएसचे सगळे भाग नंतर बसवलेत. व्हिनचा फोटो, इंजिनच्या पट्टीचा फोटो, खालून गाडीच्या तळाचे फोटो, डिकीतल्या पत्र्याला जिथे ठिगळ आहे तिथला जवळून फोटो. "एसएस लुक", "एसएस स्टाइल", "एसएस आहे असं आधीच्या मालकाने सांगितलं" असले अर्धवट शब्द टाळा, ते शब्द ज्याला माहिती नाही त्यालाच गळाला लावतात.

कायद्याच्या बाजूनेही हेच शहाणपणाचं आहे. अमेरिकेतल्या बहुतेक सगळ्या राज्यांत युनिफॉर्म कमर्शियल कोड लागू आहे, त्याच्या २-३१३ कलमाप्रमाणे वस्तूचं जे वर्णन करून तुम्ही सौदा करता ते वर्णन म्हणजेच हमी होते. बऱ्याच जणांना वाटतं खाली "ॲज इज", म्हणजे आहे तशी, असं लिहिलं की आपण सुटलो, पण वर एसएस म्हणून विकली आणि ती एसएस नसली तर नुसत्या त्या दोन शब्दांच्या मागे लपता येत नाही.

जाहिरात टाकून चार दिवस झाले नसतील तर एक व्यापारी बघायला आला. गाडी खालून-वरून बघितली, चालवून आणली, आणि म्हणाला आत्ता ५५,००० देतो, फक्त जाहिरात काढून टाका आणि विक्रीच्या कागदावर नुसतं "शेव्हेल एसएस" लिहा. म्हणजे आमच्या आकड्यापेक्षा पाच हजार जास्त, रोख. शेजाऱ्यांनी विचारलं, पुढे तू काय म्हणून विकणार? तो म्हणाला तो माझा प्रश्न. तेव्हा हे शांतपणे म्हणाले की गाडी मी बांधलीय, तिच्याबद्दल खोटं बोलायला मी ती कुणाला देणार नाही, आणि गॅरेजचं दार खाली ओढलं. मी तिथे उभा होतो, मला आजही ते दार खाली येताना दिसतं. क्लोन बनवणारा पहिला माणूस बहुतेक वेळा प्रामाणिकच असतो, दुसराही बरेचदा असतो, तिसऱ्या-चौथ्या हातात कधीतरी तो एक शब्द गळून पडतो आणि मग कुणीतरी निवृत्तीचे पैसे घालून आयुष्यात एकदा खरी एसएस घेतली असं समजून वर्षानुवर्षं फसलेला राहतो.

लिलावात द्यायची का घरून विकायची, हे थोडक्यात. मोठ्या लिलावात विकणाऱ्याकडून कमिशन जातं आणि घेणाऱ्यालाही वर प्रीमियम पडतो, जो तो मनात धरूनच बोली लावतो, शिवाय गाडी तिथवर न्यायचा खर्च. लाखाच्या पुढच्या दुर्मिळ गाडीला ते परवडतं, चाळीस-पन्नास हजारांच्या क्लोनला ऑनलाइन लिलाव किंवा सरळ जाहिरात बरी.

पुण्या-मुंबईहून कधीकधी विचारणा येते की अशी गाडी तिकडे नेता येईल का. आयातीचे नियम बदलत असतात, ते त्या वेळी बघावेत, पण भारतात २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे जे नियम आले त्यात गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी आणि मूळ स्वरूपात हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको, असं आहे. क्लोनचा तर जन्मच असल्या बदलातून होतो, त्यामुळे पैसे भरायच्या आधी तिकडच्या जाणकाराला विचारा. साधी, न बदललेली मालिबू या कामाला जास्त सोपी जाईल. आणि तशी मूळ इंजिनासकट, मूळ रंगातली मालिबू कुणाच्या हाती लागलीच तर कृपा करून तिची क्लोन करू नका. एसएसच्या नकला ढिगाने झाल्यात, आजींनी जपून चालवलेल्या साध्या गाड्याच आता दिसेनाशा होत चालल्यात.

गाडी शेवटी ४७,५०० ला गेली, ग्रँड रॅपिड्सच्या एका शाळेतल्या शिक्षकाला, दोन मुलींना घेऊन आला होता. पैसे बँकेतून वायर झाले, पोचल्याची खात्री बँकेलाच फोन करून केली, चेक घेतला नाही आणि तुम्हीही घेऊ नका, खोटे कॅशियर चेक या धंद्यात खूप फिरतात. मग दोघं मिळून सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात, म्हणजे इथल्या आरटीओत, जाऊन टायटल, म्हणजे मालकीचा कागद, तिथल्या तिथे नावावर केलं, म्हणजे गाडी नंतरही जुन्या मालकाच्या नावावर राहत नाही. विक्रीपत्रात आम्ही एक ओळ हाताने लिहिली, ही गाडी मूळची मालिबू असून एसएस ४५४ ची क्लोन आहे आणि घेणाऱ्याला हे माहीत आहे, त्याखाली दोघांच्या सह्या. तिच्या दोन प्रती काढल्या. एक शिक्षकाच्या फाइलमध्ये गेली. दुसरी शेजाऱ्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घातली, मागची सीट उचलली, आणि स्प्रिंगच्या मध्ये, जिथे कारखान्यातला माणूस बिल्ड शीट खोचायचा तिथे, खोचून ठेवली.